बाहेर १ डिग्री आणि आम्ही घामाघूम

आमच्या गच्चीवर हीट पंप आहे, गरम पाण्याचा, दिसायला एसीच्या बाहेरच्या डब्यासारखा. इंदूरला लोकमान्य नगरात घर, खाली आई-बाबा, मधे आम्ही आणि वरच्या दोन मजल्यांवर पीजी, सगळ्या शिकणाऱ्या मुली. आधी प्रत्येक बाथरूमला गीझर होता आणि सकाळी सातला सगळ्यांनी एकदम बटणं दाबली की मेन एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) पडायचा, म्हणून ५०० लिटरची टाकी आणि ५ किलोवॅटचा हीट पंप बसवून घेतला. यंत्र झकास आहे, हवेतली उष्णता खेचून एक युनिट विजेत तीन-साडेतीन युनिटांची उष्णता देतं, त्याबद्दल तक्रार नाहीच. तक्रार त्याच्या बाजूला पाइपात बसवलेल्या छोट्या सर्क्युलेशन पंपाची, जो यंदा दिवाळीनंतर बंदच होईना आणि वर आवाजही करायला लागला.

ज्यांच्याकडे ही भानगड नाही त्यांना थोडक्यात सांगतो. हीट पंप स्वतः पाणी साठवत नाही. हा छोटा पंप टाकीच्या तळाचं गार पाणी ओढतो, हीट पंपातून फिरवतो, गरम झालेलं परत टाकीत सोडतो. कम्प्रेसर चालू तर पंप चालू. टाकी ठरलेल्या तापमानाला पोचली (आमचं ५५ वर लावलंय) की कम्प्रेसर थांबतो, पंप अजून एक-दोन मिनिटं फिरून आत उरलेली उष्णता उचलतो आणि मग तोही थांबतो. थांबायला हवा. आमचा थांबत नव्हता.

आधी तक्रार आली ती आवाजाची. गच्चीच्या बरोब्बर खालच्या खोलीतली मुलगी म्हणाली, दादा, रात्रभर भिंतीतून घूंऽऽ असं येतं, उशीत कान घातला तरी येतं. मी वर जाऊन बघितलं तर पंपाजवळ घूं कमी आणि खळखळ जास्त, कोणी आत बारीक खडी टाकलीय असं. आणि कम्प्रेसर बंद. हे महत्त्वाचं, कारण रात्री ११ ते ४ कम्प्रेसरला आम्ही टायमरने सुट्टी दिलेली आहे, टाकी तेवढा वेळ गरम राहते. मग हा पठ्ठ्या कोणासाठी फिरतोय?

सर्व्हिसवाल्याला बोलावलं. आला, पंपाला हात लावला, दोन सेकंदात निदान: "भिया, पंप गया, नया डलवा लो." साडेचार हजार. मी विचारलं की पंप खराब झाला तर तो बंद पडेल ना, चोवीस तास चालेल कशाला? तर म्हणे, "बेअरिंग जाम हो गया तो बंद नहीं होता." आता हे ऐकून मी गप्पच बसलो. बेअरिंग जाम झालं तर पंप फिरणार नाही, एवढं तर फॅन साफ करणाऱ्या माणसालाही कळतं. पंपाला स्वतःची अक्कल नसते हो, वीज आली की फिरणार, गेली की थांबणार. तो रात्री फिरतोय म्हणजे त्याला रात्री कोणीतरी वीज देतंय, आणि नवा पंप लावला तर तोही तितक्याच निष्ठेने रात्रभर फिरेल.

मग इंदूरजवळ पिथमपूरला कारखान्यात मेंटेनन्समध्ये असलेल्या मामेभावाला फोन लावला. तो, म्हणजे आमचा दादा, रविवारी आला, आल्या आल्या चहा घेत म्हणाला की तुझ्याकडे दोन आजार आहेत आणि तू एकाचं औषध शोधतोयस. आवाज वेगळा, सतत चालणं वेगळं. एकामुळे दुसरं वाढत असेल पण मूळ एक नसणार. हे वाक्य मला सगळ्यात कामाचं वाटलं, कारण तोवर मी, सर्व्हिसवाला आणि आमचे शेजारी (ते प्रत्येक गोष्टीत असतात) सगळे "पंपाचा प्रॉब्लेम" एवढंच म्हणत होतो.

गच्चीवर पंप दोन आहेत हेही सांगायला हवं. दुसरा रिटर्न लाइनचा, खालच्या मजल्यावर आई-बाबांना नळ उघडल्यावर बादलीभर गार पाणी वाया न जाता लगेच गरम यावं म्हणून. तो साध्या प्लगवर होता आणि खरंच चोवीस तास चालू होता, पण तो मुका, आवाज नाही. त्याला टायमर लावला, सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी सात ते दहा, विषय संपला. तुमच्याकडे असा दोन पंपांचा संसार असेल तर आधी एकेक बंद करून बघा की नक्की कोण बोलतंय, अंधारात दोन्ही आवाज एकाच दिशेने येतात.

आता मुख्य पंप. दादाने आधी कंट्रोलरवरून हीट पंपच बंद केला आणि वाट बघत बसलो, कारण तो मागचा एक-दोन मिनिटांचा फेरा संपू द्यायला हवा. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंप चालूच. दादा म्हणाला, आता तीनच शक्यता. एक, पंपाची वायर कंट्रोलरमधून न घेता कोणीतरी थेट एमसीबीवरून दिलीय. दोन, बोर्डावरचा रिले (पंपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटलाय, म्हणजे कंट्रोलर बंद म्हणतोय पण आतला संपर्क सुटत नाहीये. तीन, कंट्रोलर स्वतःच पंपाला चालू राहा म्हणतोय. यातलं कुठलं ते कळायला फार काही लागत नाही, डिस्प्लेवर पंपाचं चिन्ह बघायचं. चिन्ह बंद आणि पंप चालू असेल तर पहिलं किंवा दुसरं. आमच्याकडे चिन्ह फिरत होतं. म्हणजे हुकूम वरून येत होता.

मग सेटिंग. या मशीनमध्ये पंप कसा चालवायचा याचे पर्याय असतात, कायम चालू, टाकी तापली की बंद, किंवा मधून मधून. बसवणारे पुष्कळदा कायम चालूवर ठेवून जातात म्हणून मला वाटलं सापडलं. पण नाही, सेटिंग बरोबर होतं, टाकी तापली की बंद. इथे मी जरा हिरमुसलो, खरं सांगतो, कारण आता बोर्ड बदला म्हणतील असं वाटायला लागलं आणि बोर्डाची किंमत पंपाच्या कितीतरी पट.

दादा तोपर्यंत मॅन्युअल वाचत बसला होता. त्यातल्या एका बारीक ओळीत सापडलं की बाहेरचं तापमान ५ डिग्रीच्या खाली गेलं तर मशीन बंद असली तरी पंप चालू ठेवला जातो, पाइपात पाणी गोठून हीट एक्स्चेंजर (पाणी जिथे तापतं तो भाग) फुटू नये म्हणून. टायमर असो नसो, पॅनलवरून बंद केलेलं असो, याला कोणी अडवू शकत नाही, फक्त मेन वीज गेली तरच. बरोबरच आहे, थंड देशात हे नसेल तर एका रात्रीत मशीन भंगार. पण इंदूर! थंडी पडते, माळव्यात गारठा चांगलाच असतो, पण गच्चीवरचे पाइप गोठण्याइतका? दुपारचे बारा वाजलेले, आम्ही दोघं उन्हात उभे, दादाच्या कपाळावर घाम. मी कंट्रोलरमध्ये सेन्सरचे आकडे बघायचा मेनू उघडला. टाकी ५१. आत जाणारं पाणी ५०. बाहेरचं तापमान १.

दादा खुर्चीवर बसून हसत सुटला. मशीनच्या मते आम्ही काश्मिरात होतो.

बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे एनटीसी, एक छोटासा मणी, थंडी वाढली की त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) वाढतो. यातली मेख अशी की वायरीत कुठे सांधा खराब असेल तर तिथला रेझिस्टन्सही त्यातच मिसळतो आणि बोर्डाला वाटतं की बाहेर गारठलंय. तो बिचारा फक्त ओहम मोजतो. आमचा सेन्सर २५ डिग्रीला १० किलोओहमवाला आहे (काही मशीनमध्ये ५ चा असतो, आधी मॅन्युअल बघा). एमसीबी पाडून, बोर्डावरचं कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला तर जवळपास २९ किलोओहम, म्हणजे १ डिग्रीच्याच आसपास. वायर हलवली तर आकडा नाचायला लागला. मग वायरीच्या मागे मागे गेलो आणि मशीनच्या मागच्या बाजूला काळ्या टेपची एक गाठ सापडली.

तेव्हा आठवलं की पावसाळा संपल्यावर सर्व्हिसिंग झालं होतं आणि तेव्हा उंदराने कुरतडलेली एक वायर "ठीक कर दी भिया" असं सांगून जोडली होती. नुसती पिळून टेप मारलेली. टेप सोडवली तर आतलं तांबं हिरवं पडलेलं, बोटाने चोळलं तर भुकटी. सांध्याच्या पलीकडे सरळ सेन्सरवर मीटर लावला, साडेनऊ किलोओहम. सेन्सर ठणठणीत! दादाने दोन्ही टोकं ताजी सोलली, सोल्डरचा डाग दिला, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवली आणि एमसीबी उचलला. बाहेरचं तापमान २६. एक-दोन मिनिटांत पंप थांबला, आपला आपण. गच्चीवर इतकी शांतता झाली की खालून आईने हाक मारून विचारलं, "लाइट गेली का रे?"

या सतत चालण्याने नुकसान किती होतं ते मी नंतर कागदावर मांडलं, कारण "छोटा पंप आहे, किती खाणार" असं सगळेच म्हणतात. पंपाच्या पाटीवर तीन स्पीडचे वॅट लिहिलेले असतात, आमच्यावर ९३, ६७, ४६. सगळ्यात वरच्या स्पीडवर चोवीस तास म्हणजे दिवसाला सव्वादोन युनिट, महिन्याला ६७. युनिटला सात रुपये धरले तर ४७० च्या आसपास. पण खरा खर्च हा नाहीच. रात्री कम्प्रेसर बंद असताना गरम पाणी गच्चीवरच्या पाइपांतून आणि हीट पंपातून उगाच फेऱ्या मारतं आणि थंड होऊन परत येतं. पाइपावरचं इन्सुलेशन आमच्याकडे उन्हाने कुरकुरीत होऊन गळून पडलेलं, त्यामुळे रात्री ११ ला ५४ असलेली टाकी पहाटे ४ ला ४६ वर यायची. ५०० लिटर पाणी ८ डिग्रीने उतरलं म्हणजे साडेचार युनिटांहून जास्त उष्णता आकाशाला दान. मग पहाटे कम्प्रेसरने तेच पाणी पुन्हा तापवायचं. सांधा नीट केल्यावर त्याच वेळात ५४ ची ५२ होते. आणि टाकीत जो ३ किलोवॅटचा बॅकअप हीटर आहे त्याचा एमसीबी आम्ही पाडूनच ठेवलेला असतो म्हणून वाचलो, कारण आमच्या मशीनमध्ये तोही बाहेर फार थंडी दिसली की कामाला लागतो.

तर एक आजार संपला. आवाज मात्र होताच, फरक एवढाच की आता कम्प्रेसर चालू असतानाच यायचा. सकाळी पाचला. त्या मुलीच्या दृष्टीने यात काही मोठी प्रगती नव्हती.

आवाजाचं काम जास्त वेळखाऊ निघालं. दादाने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवली, मलाही ऐकवलं. पंपाच्या पोटात खळखळ, आणि पाइप जिथे क्लॅम्पने पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) धरलाय तिथे शुद्ध घूं. हेही दोन वेगळे आवाज. खळखळ पाण्यातून येतो, घूं लोखंडातून जातो.

खळखळ म्हणजे एकतर हवा अडकलीय किंवा पंपाला ओढायला पुरेसं पाणी मिळत नाहीये. या पंपांच्या मधोमध एक मोठा चपटा स्क्रू असतो, तो थोडा सैल केला की हवा फुसफुसत बाहेर पडते आणि मग पाणी ठिबकतं. पाणी कढत असतं, त्यामुळे फडकं धरून आणि टाकी जरा निवल्यावर करा, चेहरा वर आणून तर अजिबात नको. आमच्याकडे बरीच हवा निघाली, आवाज अर्धा झाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकाच. म्हणजे हवा पुन्हा पुन्हा गोळा होत होती.

याचं कारण डोळ्यासमोर होतं पण दिसायला दादाच लागला. पंपाची मोटर आकाशाकडे तोंड करून बसवलेली. या प्रकारच्या पंपात रोटर पाण्यातच फिरतो आणि बेअरिंगला वंगण म्हणून तेच पाणी, तेल-ग्रीस काही नाही. म्हणून त्याची दांडी आडवी असायला हवी, जमिनीला समांतर. मोटर वर केली की हवेचा बुडबुडा नेमका वरच्या बेअरिंगपाशी जाऊन बसतो आणि बेअरिंग कोरडं घासतं. पंपाच्या कागदावर चित्र असतं, आडवा बरोबर, उभा चूक, फुली मारून. बसवणाऱ्याने जागा वाचवली असणार. पंपाच्या दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह होते म्हणून टाकी रिकामी करावी लागली नाही, दोन्ही बंद केले, वीज तोडली, दोन्ही युनियन (पाइपाचे जोड) सैल करून पंप पाव फेरा वळवला, मग चार अ‍ॅलन बोल्ट काढून वरचं डोकं असं फिरवलं की वायरीचा डबा खालच्या बाजूला येणार नाही, नाहीतर पाइपावरचं पाणी ओघळून आत जातं. नवीन वॉशर मात्र घाला, जुने पुन्हा बसत नाहीत, ठिबकत राहतात.

व्हॉल्व्ह बंदच होते तर हातासरशी पंपाच्या आधीची वाय-स्ट्रेनरची (कचरा अडवणाऱ्या गाळणीची) जाळीही उघडली. बापरे. पांढरा चुरा, पापुद्रे, टेफ्लॉनचे धागे, पाऊण जाळी बंद. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, कमी पडलं की बोअरचं मिसळतो आणि बोअरचं पाणी तापवलं की खार धरतोच. (नर्मदेचं पाणीसुद्धा नदीकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर लांबून पंपाने चढवून आणलेलं, हे अख्खं शहरच पंपांवर जगतं, त्यामुळे गच्चीवरच्या एका पंपाने इतका भाव खाऊ नये खरं तर.) टाकी आणि पंप एकाच गच्चीवर, म्हणजे वरून पाण्याचा दाब दीड-दोन मीटरचा जेमतेम, त्यात ओढणाऱ्या बाजूची जाळी तुंबलेली. पंप जोर लावतो, पाणी येत नाही, दाब पडतो, गरम पाण्यात बारीक बुडबुडे होतात आणि पात्यांवर फुटतात. ती खडी म्हणजे हेच. जाळी व्हिनेगरमध्ये बुडवून, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासून परत बसवली.

आता स्पीड. पंप पहिल्या दिवसापासून तीनवर होता, कारण तीन म्हणजे जास्त आणि जास्त म्हणजे चांगलं. किती पाणी फिरायला हवं हे आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याच्या तापमानातल्या फरकावरून कळतं, ते आकडे मशीनच दाखवते. ५ किलोवॅटच्या मशीनला ५ डिग्रीचा फरक ठेवायचा तर मिनिटाला साधारण १४ लिटर पाणी लागतं. जाळी तुंबलेली असताना आमचा फरक ९ होता, म्हणजे पाणी कमी. जाळी साफ केल्यावर तीनच्याच स्पीडवर ३ झाला, म्हणजे गरजेपेक्षा जास्त, आणि पाइपात सूंऽऽ असा पाण्याच्या वेगाचा आवाज. दोनवर आणला, फरक ५, सूं गायब. लोभ म्हणून एकवर टाकून पाहिला तर थोड्या वेळात फ्लो स्विचने (पाणी पुरेसं वाहतंय का ते बघणारा) एरर देऊन मशीनच थांबवली. परत दोन. तुमच्याकडे एक पुरेल किंवा तीनच लागेल, पाइप किती लांब, किती वाकणं त्यावर आहे, पण आकडा बघून ठरवा, कानाने नको.

राहिलं घूं. यासाठी मुलीलाच फोनवर घेतलं. ती खाली खोलीत, मी वर पाना घेऊन एकेक क्लॅम्प सैल करतोय. आत्ता? आहे. आत्ता? आहे. आत्ता? "दादा, गेलं!" पॅरापेटमध्ये घट्ट ठोकलेला एकच लोखंडी क्लॅम्प, पंपापासून हातभर अंतरावर, आणि तिथून पंपाची थरथर स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून तिच्या उशीत. त्या दिवशी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून काम भागवलं, नंतर सियागंज बाजारातून रबर लावलेले क्लॅम्प आणले आणि पंपाच्या दोन्ही बाजूंना गरम पाणी झेलणारे, वरून स्टीलची जाळी असलेले लवचिक पाइपाचे तुकडे टाकले. दुकानदाराला "गरम पाण्याचे" असं ठासून सांगा, नाहीतर गार पाण्याचे हातात ठेवतो आणि ते वर्षभरात फुगतात. पाइपावरचं इन्सुलेशनही तेव्हाच नवीन चढवलं, वरून उन्हासाठी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी.

सर्व्हिसवाल्याचा नंतर फोन आला, पंप मागवू का म्हणून. मी टेपच्या गाठीचं सांगितलं तर म्हणाला, "चलो अच्छा हुआ," आणि ठेवला.

एक गोष्ट शिल्लक आहे. मोटर उभी असताना बेअरिंग थोडं खाल्लं गेलंय, त्यामुळे थंडीत पहाटे पंप पहिल्यांदा सुरू होताना दोन-चार सेकंद चिरचिर करतो आणि मग गप्प होतो. दादा म्हणतो की वर्ष-दोन वर्षं आरामात काढेल, आणि बदलायची वेळ आली तर अख्खा पंप घेऊ नको, त्याच मॉडेलचं फक्त वरचं डोकं मिळतं, पाइपातलं बिडाचं अंग तसंच राहतं, चार अ‍ॅलन बोल्टांचं काम. पाटीचा फोटो काढून फोनमध्ये ठेवलाय.